आमची वाटचाल: एक मस्टर आणि चाळीस बिल्ले

मुलगी म्हणाली, बाबा, सगळ्या दुकानांची 'आमची वाटचाल' असते, आपल्या मोबाइलच्या दुकानाचीही लिहून ठेवा. लिहितो. पण आधीच सांगतो, यातलं अर्धं एका दिवसाबद्दल आहे.

2002 साली इंदूरच्या जेल रोडवर एका जिन्याखाली पाच बाय सातची जागा भाड्याने घेतली. विकायला काहीच नव्हतं. एक टेबल, भिंगाचा दिवा, हॉट एअर गन, फोन उघडायचा टी-6 चा स्क्रू-ड्रायव्हर आणि माझा भागीदार, एवढंच भांडवल. आम्ही एकाच शाळेत होतो. त्याचा हात असा, की पाण्यात पडलेला नोकिया तो नुसत्या वासावरून ओळखायचा, आणि बोर्डवर गन किती वेळ धरायची हे त्याने कधी घड्याळात पाहिलं नाही. माझ्याकडे हात नव्हता, हिशेब होता. पुढे आम्ही जाफ बॉक्स, म्हणजे नोकियात सॉफ्टवेअर भरायचं यंत्र, घेतला, तेव्हा तो तीन दिवस त्याला शेजारी घेऊन झोपला असेल अशी माझी शंका आहे. मेलेला फोन केबलला लावायचा, सॉफ्टवेअर भरायचं, स्क्रीनवर नोकियाचे ते दोन हात जुळताना दिसले की गिऱ्हाईक आमचेच हात धरायचं.

हिशेब माझ्याकडे आला तो वडिलांकडून. ते मिलमध्ये टाइमकीपर होते. मिल बंद पडली तेव्हा कोऱ्या मस्टरांचा एक गठ्ठा आमच्या घरी आला, कसा ते विचारू नका. दुकानाची पहिली वही म्हणजे त्यातलंच एक मस्टर. कामगाराच्या नावाच्या रकान्यात गिऱ्हाइकाचं नाव, हजेरीच्या चौकटीत आयएमईआयचे, म्हणजे फोनच्या ओळख-क्रमांकाचे, पंधरा आकडे. वडिलांचा मिलमधला पितळी बिल्ला देवघराच्या खुंटीला लटकत होता. त्याच्याकडे तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

फोनसाठी लाइन मी पहिल्यांदा 2003 च्या पावसाळ्यात पाहिली. रिलायन्सची 501 रुपयांची योजना आली आणि लोक छत्र्या घेऊन उभे राहिले. त्या फोनात सिम नसायचं, नंबर आतच भरलेला. आम्हा रिपेअरिंगवाल्यांना त्यातून काही मिळालं नाही, लाइन बघायला मिळाली. मग 22 ऑगस्ट 2008 ला आयफोन 3जी आपल्याकडे आला, 8 जीबीचा 31,000 ला. आमच्या ओळखीत दोघांनी घेतला आणि दोघांनीही आठवड्यात येऊन विचारलं, ब्लूटूथने गाणी का जात नाहीत.

2009 ते 2013 चांगली गेली. जिन्याखालून पुढच्या ओळीत आलो, काचेचं काउंटर आलं, दोन पोरं कामाला लागली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

2014 मध्ये मात्र जमीन हलली. शाओमीचा एमआय 3 फ्लिपकार्टवर 13,999 ला आला, आणि फक्त तिथेच. सप्टेंबरात रेडमी 1एस आला 5,999 ला. पहिल्या सेलला 40 हजार फोन 4.2 सेकंदांत गेल्याचं जाहीर झालं. सेल मंगळवारी दुपारी दोनला असायचा. आमची गिऱ्हाइकं पावणेदोनला दुकानात यायची: "भिया, तुम्हारा नेट तेज है, हमारे लिए दबा दो." मी माझ्याच काउंटरवर बसून, माझ्याच वीजबिलावर, दुसऱ्याचा फोन विकत घ्यायला बटण दाबत होतो. मागे पाच जण श्वास रोखून उभे. तरी आठ मंगळवारांत एकच फोन लागला. तो ज्याला लागला त्याने कव्हर आणि स्क्रीन गार्डसुद्धा ऑनलाइनच मागवलं.

आता तो दिवस. 2015 ची दिवाळी तोंडावर होती. फोन कुठला, ते लिहीत नाही. डिस्ट्रिब्युटर म्हणाला, तीस नग देतो. त्याच्या शब्दावर आम्ही 41 जणांचं बुकिंग घेतलं, प्रत्येकी 5,000. मी मस्टरमध्ये नाव, सही, नंबर लिहून घेतला आणि गिऱ्हाइकाच्या हातात कॅश मेमोच्या पाठीवर नंबर घालून, शिक्का मारून चिठ्ठी दिली. मोबाइलच्या धंद्यातल्या लोकांना पुढचं कळलंच असेल. आदल्या रात्री फोन आला: सहा नग मिळतील, आणि तेही टॅगिंगमध्ये, म्हणजे त्याच्या गोदामात न हलणारे 40 हँडसेट सोबत उचलले तर. मी उचलले. 11,000 प्रमाणे 4,40,000 चा माल, बँकेच्या सीसीवर, म्हणजे कर्जावर.

पहिल्या लॉटला माल कमी का असतो, यावर लोक काहीही बोलतात. नव्या मॉडेलचे सुटे भाग सुरुवातीला कारखान्यात कमी उतरतात, हे खरं. तोच माल एकाच दिवशी पुष्कळ देशांत वाटायचा असतो, हेही खरं. मग आधी महानगरांतली मोठी शोरूम, नंतर डिस्ट्रिब्युटर, आणि तो मागच्या तिमाहीत कुठल्या दुकानाने किती फोन विकले ते बघून वाटणार, म्हणजे ज्याचं पोट भरलेलं त्यालाच आणखी वाढणार. पण वर्तमानपत्रात लाइनीचा फोटो आलेला कुठल्याही कंपनीला नको असतो, असं मला कोणी पटवून देऊ नये.

सकाळी साडेनऊला नग आले, दहाला शटर वर. मी आत बिल करत होतो, भागीदार काउंटरवर. चिठ्ठी बघायची, नग द्यायचा. त्याने मस्टर उघडलं नाही. गर्दी काचेवर चढली होती, त्यामुळे मस्टर बघ, असं तेव्हा मीही म्हणालो नाही. दहा मिनिटांत सहाही नग संपले. मग 2, 4 आणि 5 नंबरवाले आले.

म्हणजे खरे 2, 4 आणि 5. आधी येऊन गेले होते ते रंगीत झेरॉक्सवाले. कोणीतरी एक चिठ्ठी नेऊन शिक्क्यासकट कॉपी काढली होती आणि नंबर हाताने घातला होता.

खरा 4 नंबर रामबागेतल्या काकांचा. बँकेतून निवृत्त झालेले, दुकान जिन्याखाली होतं तेव्हापासूनचे. त्यांचा नोकिया 3310 आम्ही किती वेळा उघडला असेल याची गणती नाही. चार्जर घेतला तरी पावती मागायचे आणि घडी घालून पाकिटात ठेवायचे. फोन नातीसाठी होता. काकांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली, आजूबाजूचा आरडाओरडा ऐकला आणि मला एवढंच म्हणाले, "मस्टर होतं ना रे तुझ्याकडे?"

कोणाचा तरी कोपर लागून शोकेसची काच तडकली. बीटचे हवालदार आले. उरलेल्यांपैकी तीस जणांनी तिथल्या तिथे ॲडव्हान्स परत मागितला: दीड लाख. तो तर डिस्ट्रिब्युटरकडे गेलेला. बायकोची भिशी त्या महिन्यात लागली होती ती गेली, वडिलांची एफडी मोडली. जानेवारीत टॅगिंगचं तेच मॉडेल ऑनलाइन 7,999 ला आलं. चाळीसच्या चाळीस नग काउंटरखाली, नगामागे तीन हजारांचा खड्डा. प्राइस प्रोटेक्शन, म्हणजे पडलेल्या भावाचा फरक, मागितलं तर उत्तर आलं, बिलाला तीस दिवस होऊन गेलेत. त्या हिवाळ्यात शटर कायमचं खाली ओढायची बोली दोनदा झाली. भागीदार मार्चमध्ये गेला. कुठे, तर समोरच्या लाइनीतल्या शेठकडे. त्यावर मी बोलत नाही. टी-6 चा ड्रायव्हर मात्र माझा होता.

समोरच्या शेठबद्दल थोडं. दोन महिन्यांनी एक तरुण फुटलेली स्क्रीन घेऊन आला. सवयीने आयएमईआय बघायला *#06# दाबलं, मस्टर उघडलं, आणि पंधराच्या पंधरा आकडे 4 नंबरच्या ओळीत. माझाच नग! विचारलं, कुठून घेतला? समोरून, म्हणाला, आठ हजार वर देऊन, आणि कव्हर-काच-इन्शुरन्सचा कॉम्बो जबरदस्तीने. शेठने आमच्या लाइनीत उभी केलेली पोरं पोह्यांच्या प्लेटवर उभी होती, हेही पुढे कळलं. त्या तरुणाची स्क्रीन मी बदलून दिली. सवलत दिली नाही.

काकांनी ॲडव्हान्स मागितला नाही. पाच आठवड्यांनी दुसरा लॉट आला तेव्हा पहिला नग त्यांना. सील त्यांच्यासमोर फोडलं, आयएमईआय त्यांनी स्वतः मोठ्याने वाचला, मी मस्टरमध्ये टिक केली. मग पावती मागितली.

पुढच्या लाँचच्या आधी देवघरातला बिल्ला काढून बर्तन बाजारात नेला. म्हटलं, असे चाळीस ठोकून द्या. भांड्यांवर नाव घालणारा शेजारीच बसतो, त्याच्याकडून नंबर घालून घेतले. पितळेची झेरॉक्स निघत नाही. बिल्ला दिला की मस्टरमध्ये सही, नग दिला की बिल्ला परत. आणि हातात आलेल्या नगांपेक्षा एकही बिल्ला जास्त द्यायचा नाही. लोक हसले. फेब्रुवारी 2021 मध्ये चिपांचा दुष्काळ होता, प्लेस्टेशन 5 हा गेमचा डबा काही मिनिटांतच संपत होता आणि आम्ही प्लेस्टेशन विकतही नव्हतो, तरी दोन बाप येऊन विचारून गेले, तुमच्याकडे तो बिल्ला लावता येईल का?

नव्या पोरांनी दुकान टाकायच्या आधी विचारलं नाही तरी सांगतो. नव्या फोनांच्या विक्रीत दोन-तीन टक्के सुटतात, त्यावर घर चालत नाही. घर रिपेअरिंगच्या टेबलावर चालतं, म्हणून गन आणि मायक्रोस्कोप चांगला घ्या, फर्निचर नंतर. टॅगिंगचा माल घ्यावाच लागला तर त्याच आठवड्यात खरेदीभावाने काढा, काउंटरखाली ठेवू नका. मेहुण्याला उधारीवर हँडसेट देऊ नका. आणि गिऱ्हाइकांना: पहिल्या दिवशी घेऊ नका, सहा आठवडे थांबा, फोनही मिळतो आणि त्याच्या खोडीही तोवर कळतात. हे मी लाँचच्या दिवशीसुद्धा काउंटरवर सांगतो. मुलगी डोळे वटारते.

चाळीसपैकी एकोणचाळीस बिल्ले दुकानात आहेत. 23 नंबरचा मागच्या लाँचला गेला तो परत आलेला नाही. मस्टरमध्ये सही आहे, पण वाचता येत नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून द्यावा, काच फुकट लावून देईन.