आठ वजीर, चिंचोके आणि उत्तर शून्य

अकरावीला बायफोकलला (अकरावी-बारावीचा व्यवसाय-विषय) कॉम्प्युटर सायन्स घेतलं तेव्हा वाटलेलं की प्रोग्रॅमिंग म्हणजे सिंटॅक्स पाठ करायचा आणि ओकायचा. बबल सॉर्ट (आकडे क्रमाने लावणं), बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्यातून शोधणं) तसंच निघालं पण, खोटं कशाला बोलू. बारावीत मात्र सरांनी प्रोजेक्टला आठ वजिरांचं कोडं दिलं, बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे बसवायचे की कोणीच कोणाला मारू शकणार नाही (वजीर आडवा, उभा आणि तिरपा, तिन्हीकडे मारतो). कोडं १८४८ सालचं आहे, मॅक्स बेझेल नावाच्या जर्मन बुद्धिबळपटूने काढलेलं.

मी म्हटलं सोप्पंय, सगळ्या जागा ट्राय करायला लावू, कॉम्प्युटर कशासाठी आहे. हिशेब केला तर ६४ घरांत ८ वजीर ठेवायचे ४४२ कोटी प्रकार. सर म्हणाले, "अगं, एका आडव्या ओळीत दोन वजीर चालतील का?" नाही चालणार. मग प्रत्येक ओळीत एकच, आले १ कोटी ६७ लाखांवर. उभ्या ओळीत पण एकच, मग फक्त ४०,३२०. कोडची एक ओळ न लिहिता!

मग सरांनी बॅकट्रॅकिंग सांगितलं, म्हणजे अडलं की एक पाऊल मागे येऊन दुसरा पर्याय बघायचा, आणि ते डोक्यावरून गेलं. घरी येऊन वहीत ४ बाय ४ चे चौकोन आखले आणि वजीर म्हणून आजीच्या डब्यातले चिंचोके घेऊन बसले. पहिल्या ओळीत पहिलं घर, दुसरीत तिसरं, तिसरीत बघते तर जागाच नाही. म्हणून दुसरीतला चिंचोका उचलून चौथ्या घरात. तिसरीत दुसरं घर मिळालं पण चौथी ओळ अडली, परत मागे, मागे, पार पहिल्या ओळीपर्यंत. पहिला चिंचोका दुसऱ्या घरात सरकवला आणि एकेका ओळीत २, ४, १, ३ नंबरचं घर असं फटाफट बसलं. उलट्या बाजूने ३, १, ४, २. बस, दोनच उत्तरं.

हेच सी प्लस प्लसमध्ये लिहिलं तर ४ बाय ४ ला उत्तर शून्य! दोन दिवस तिरप्या रेषांची कंडिशन तपासत बसले, ती बरोबरच होती. शेवटी परत चिंचोके मांडले आणि हात काय करतोय ते बघत एकेक ओळ वाचली तेव्हा ट्यूब पेटली, मागे येताना हात चिंचोका *उचलत* होता आणि माझा प्रोग्रॅम ठेवलेला वजीर तसाच सोडून पुढे जात होता, त्यामुळे जुने वजीर सगळ्यांची वाट अडवून बसलेले. मागे येताना ते घर शून्य, म्हणजे रिकामं, करायची एक ओळ टाकली आणि ४ ला २ आले, ८ ला ९२. (पट न ठेवता नुसते आठ आकडे ठेवले असते, कुठल्या ओळीत कितवं घर एवढंच, तर नवा आकडा जुन्यावर आपोआप बसला असता आणि हा घोळ झालाच नसता, पण हे मला सबमिशननंतर सुचलं.)

मधले आकडे टाकून बघितले तर ५ ला १० आणि ६ ला फक्त ४. पट मोठा आणि उत्तरं कमी? झालं, परत काहीतरी फसलं म्हणून अजून एक संध्याकाळ घालवली. ६ बाय ६ आखून २, ४, ६, १, ३, ५ मांडून बघितलं, बाकीची तीनही बघितली. सगळी बरोबर होती, ६ ला खरंच चारच आहेत.