क्रीटचा समारिया गॉर्ज: "नुसता उतार आहे" यावर जाऊ नका

चार दिवसांची सुट्टी होती, आम्ही जर्मनीत राहतो आणि इथून हान्याला उन्हाळ्यात थेट विमान मिळतं, म्हणून ग्रीसचं क्रीट बेट ठरवलं. ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, समारिया गॉर्ज, म्हणजे तिथली लांबलचक घळ, नक्की करा, काही त्रास नाही, नुसता उतार आहे. परत येऊन तीन दिवस झाले, अजून जिना उतरताना कठडा धरावा लागतोय, म्हणून हे लिहितोय.

आम्ही दोघं सह्याद्रीत फिरलेली माणसं आहोत, त्यामुळे 16 किलोमीटरचं काही वाटलं नव्हतं. पण हिशोब असा करा: सुरुवात क्सिलोस्कालोला, साधारण 1,200 मीटरवर, आणि शेवट आगिया रुमेलीला थेट समुद्रावर. म्हणजे बारी गावातून कळसूबाई जितका चढतो त्यापेक्षा जास्त उतरायचं, आणि तेही एका दमात. त्यातला मोठा भाग पहिल्या तीन किलोमीटरमध्येच संपतो, दगडी पायऱ्या, वळणावर वळण, बाजूला लाकडी कठडा. सकाळी सातला वर चांगलीच थंडी होती, अंगात जोश होता, सगळे भराभर उतरत होते, आम्हीही उतरलो. तीच चूक झाली. गुडघे तिथेच गेले, फक्त ते कळलं दुपारी. या टप्प्यात मुद्दाम हळू चला, मागचे पुढे गेले तर जाऊ द्या, आणि काठ्या माणशी दोन घ्या, एक नाही.

खरा वैताग पुढे आहे आणि तो कोणी सांगत नाही. खाली पोचलं की वाटतं आता सपाट चाल, पण वाट नदीच्या पात्रातून जाते आणि पात्र म्हणजे नुसते गोटे, नारळाएवढे, गुळगुळीत, पायाखाली सरकणारे. आपल्याकडे कोकणात उतरणाऱ्या नाळेत जसं चालतो तसंच, पण तास न् तास. प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं त्यामुळे दोन्ही बाजूंचे कडे बघायलाच मिळत नाहीत, बघायचं तर थांबा, चालता चालता बघू नका. हिचा पाय एकदा दोन गोट्यांमध्ये अडकून वळला, थोडक्यात निभावलं. मध्ये खेचरं बांधलेली दिसतात, ती जखमी लोकांना बाहेर काढायला असतात, हौसेने बसायला नाही. काही ठिकाणी दगड कोसळण्याच्या पाट्या आहेत, तिथे फोटोला थांबू नका, पाटी खरी आहे, आमच्यासमोर वरून बारके दगड आले.

समारिया गाव साधारण अर्ध्या वाटेवर आहे. 1962 मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा गावकऱ्यांना उठवलं, आता रिकामी दगडी घरं आहेत. सावली इथेच चांगली आहे, डबा इथेच खा, कारण आत खायला काही मिळत नाही. पाण्याचे नळ मात्र वाटेवर आहेत, एक लिटरची बाटली भरत भरत जा, चार लिटर पाठीवर वाहून नेण्यात अर्थ नाही. क्री-क्री म्हणजे तिथली रानबकरी आमच्या बाकाजवळ येऊन पिशवी हुंगत उभी राहिली होती, खायला देऊ नका. मग अकरा-बारा किलोमीटरनंतर ते प्रसिद्ध "लोखंडी दरवाजे", म्हणजे घळीची सगळ्यात अरुंद जागा, कडे जेमतेम चार मीटरवर येतात आणि वर सुमारे 300 मीटर सरळ उभे. सांदण दरी बघितली असेल तरीसुद्धा इथे तोंडातून शब्द फुटत नाही, हे कबूल.

तिकीट फेकू नका, बाहेर पडताना परत बघतात, आत कोणी राहिलं का ते त्यावरून कळतं. उद्यान 13 किलोमीटरला संपतं आणि सगळ्यांना वाटतं झालं, पण समुद्र अजून तीन किलोमीटर आहे, सावली नाही, भर दुपार. तिथे मिनीबस मिळते, थोडे पैसे घेतात, सरळ बसा. आम्ही "आता एवढं चाललो तर" म्हणून चाललो, मला आख्ख्या दिवसातलं सगळ्यात वाईट चालणं तेच वाटलं.

आता पैशाचं. हॉटेलातून ओळखीच्या एजंटकडे पॅकेज घेतलं, माणशी 45 युरो, "सगळं त्यात आलं" असं तोंडी सांगितलं. प्रत्यक्षात प्रवेशाचं तिकीट वेगळं, बोटीचं तिकीट वेगळं, गाइड फक्त बसमध्ये बोलला आणि घळीत एकटं सोडलं. मला हे अजिबात पटलेलं नाही. हान्याच्या बस स्टँडवरून सकाळी ओमालोसला, म्हणजे सुरुवातीच्या जागेकडे, सरकारमान्य बस जाते, संध्याकाळी आगिया रुमेलीची बोट जिथे सोडते त्या खोरा स्फाकियोनहून बोटीच्या वेळेला परत बस असते, दोन्ही मिळून निम्म्याहून कमी पैशात होतं. पॅकेज घेऊ नका.

आगिया रुमेलीला रस्ताच नाही, बाहेर पडायला बोट हाच उपाय. शेवटची बोट साधारण 5.30 ची, मोसमाप्रमाणे वेळ बदलते, म्हणून पोचल्या पोचल्या आधी तिकीट काढा, मग पोहायला जा. किनाऱ्यावरचे काळे गोटे तव्यासारखे तापलेले असतात, चपला घालूनच पाण्यापर्यंत जा. वारा जोराचा असेल तर बोट रद्द होते आणि मुक्काम तिथेच पडतो, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी समारिया ठेवू नका, सहलीच्या दुसऱ्याच दिवशी करून टाका.

बाकी दिवस छान गेले, एलाफोनिसीचा समुद्रकिनारा, हान्याचं जुनं बंदर, दाकोस (कडक पावावर टोमॅटो आणि चीज) खाल्ला, शाकाहारी लोकांची काही अडचण नाही. 

इतकं होऊनसुद्धा विचाराल तर जा, मी परत जाईन. फक्त आदल्या रात्री पायाची नखं कापा आणि घोट्यापर्यंतचे, वापरून मऊ झालेले बूट घाला. उतारावर बोटं पुढे आदळून माझे दोन्ही अंगठे काळेनिळे झालेत.