मे महिना आणि परसातलं टाकं
घर भरलंय. गच्चीवर कुरडया, माजघरात आंब्याची अढी, पोरांचा धुडगूस. त्यात परसातल्या टाक्यातले गोल्डफिश पहाटे वर येऊन तोंडं उघडत होते. तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, उरलेला रात्रभर शेवाळंही ओढतं. म्हणून सकाळी जीव जास्त घाबरा. थोडं पाणी उपसून अळूला घातलं. कालपासून पिंपात ठेवलेलं ओतलं, उंचावरून, चांगलं फेसाळेल असं. नळाचं ताजं नको, क्लोरीन असतं. भाचरांच्या हाती तांबे दिले, घर तेवढंच शांत! माशांचं खाणं निम्मं केलंय. धाकटा चोरून पोळी कुस्करतो, त्याच्यावर आजीची नजर. गप्पी मात्र मजेत, डासांच्या अळ्या मटकावतायत.
सावलीला वॉटर लिली हवीये. जवळपास कुणाकडे जादा कंद आहे का?