सहा बटनांच्या पेटीत डब्ल्यूआरएस: लॉग, भाग ३

मंडळी, पेटी बोलली!

मागचा भाग टाकून दोन महिने झाले, मधे ऑफिसची गडबड, मग पोरीची परीक्षा, मग बिल्डिंगच्या पाइपांचं काम, सोल्डरिंग आयर्नला हात लावला नव्हता. पण परवा शनिवारी सकाळी पहिलं बटन दाबलं, चार सेकंद काहीच नाही, मी परत दाबणार तेवढ्यात एक बाई स्वच्छ इंग्रजीत हवामान सांगायला लागल्या. वर्ल्ड रेडिओ स्वित्झर्लंड, म्हणजेच डब्ल्यूआरएस, इथलं इंग्रजी स्टेशन. एकदाही न तुटता अख्खं बुलेटिन.

मधेच आलेल्यांसाठी थोडक्यात. मी स्वित्झर्लंडमधे न्योंजवळ राहतो, म्हणजे जिनिव्हा आणि लोझानच्या मधे, सरोवराच्या काठाला. मागच्या वर्षी इथल्या ब्रोकांतमधे (आपला जुना बाजारच, फक्त भाव करताना कोणी ओरडत नाही) एक लाकडी पेटी १५ फ्रँकला मिळाली. पुढे तपकिरी कापड, खाली हस्तिदंती रंगाची सहा बटनं, आणि गंमत म्हणजे स्टेशन शोधायचा काटाच नाही. मला आधी वाटलं कोणीतरी काढून घेतला. घरी येऊन शोधलं तर कळलं की हा हवेतून ऐकायचा रेडिओ नव्हताच, टेलिफोनच्या तारेवरचा होता. इकडे डोंगर इतके की दरीतल्या गावांत लहरी पोचायच्याच नाहीत, म्हणून १९३१ पासून फोनच्या तारेतूनच कार्यक्रम घरोघरी सोडायचे, फ्रेंच भागात त्याला तेलेदिफ्युझियाँ म्हणायचे. सहा कार्यक्रम, सहा बटनं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती सोय बंद झाली आणि या पेट्या मुक्या झाल्या. मग ठरवलं की आत रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय') आणि आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर) घालायचं आणि एकेका बटनावर एकेक डॅब प्लस (हवेतून येणारा डिजिटल रेडिओ) स्टेशन लावायचं. बटनं मूळचीच ठेवायची, हा हट्ट.

पहिलं बटन डब्ल्यूआरएसचंच का, असं मागच्या वेळी दोघातिघांनी विचारलं होतं. तर त्याचं असं आहे की मी २०११ ला आलो तेव्हा माझं फ्रेंच म्हणजे बोंझूर आणि मेर्सी, तिसरा शब्द आला की मी घामाघूम. हापिस जिनिव्हात, मोबाइलमधे एफएम होता, १०१.७ वर हे स्टेशन लागायचं. इंग्रजी काही आपल्या घरची नाही, पण चारी बाजूंनी फ्रेंच सुरू असताना इंग्रजी ऐकली की गाववाला भेटल्यासारखं व्हायचं. २०१२ च्या फेब्रुवारीत जी थंडी पडली तिची आठवण इथले लोक अजून काढतात, जिनिव्हाजवळच्या वेर्स्वाला सरोवराचं पाणी वाऱ्याने उडून काठावरच्या गाड्यांवर गोठलं होतं, गाडीवर काचेचा डोंगर, फोटो बघितले असतील तुम्ही. त्या आठवड्यात रेडिओवर सारखं बीझ येतंय, बीझ येतंय. मला तोवर बीझ म्हणजे गालाला गाल लावून घेतात ती पापी एवढंच माहीत, म्हटलं हवामानाच्या बातम्यांत हिचं काय काम. मग कळलं की ईशान्येकडून येणारा तो हाडं फोडणारा वारा, त्याचंही नाव बीझच. असल्या गोष्टी मला शेजाऱ्यांनी नाही, या स्टेशनने शिकवल्या. कचऱ्याच्या पिशव्यांचे नियम, संप कधी आहे, आज कुठला रस्ता बंद आहे, सगळं.

स्टेशन मूळचं १९९६ चं, तेव्हा नाव वर्ल्ड रेडिओ जिनिव्हा आणि जागा ८८.४. जिनिव्हा कँटनमधे दर शंभरात चाळीसेक माणसं परदेशी पासपोर्टवाली, यूएन, डब्ल्यूएचओ, रेड क्रॉस, सर्न, बँका, त्यामुळे ऐकणाऱ्यांची वानवा नव्हती. २००७ च्या नोव्हेंबरात एसएसआरने (इथली आकाशवाणी समजा) ते वर्ल्ड रेडिओ स्वित्झर्लंड म्हणून नव्याने सुरू केलं, जिनिव्हात एफएमवर आणि बाकी देशात डॅबवर. म्हणजे फ्रेंच, जर्मन, इटालियन, रोमान्श या चार भाषांच्या देशात, घरोघरच्या रेडिओ फीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचं, पाचव्या भाषेतलं स्टेशन. मला हे फार भारी वाटायचं. आता ती फी घरटी वर्षाला ३३५ फ्रँक आहे, घरात रेडिओ असो नसो. बाबा पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसनच्या पुस्तकावर शिक्का मारून आणायचे त्याची आठवण येते, फक्त इथे पुस्तक नाही, थेट बिल येतं.

२०१३ च्या सप्टेंबरात ते खासगी झालं. एफएम गेलं, डॅब प्लस आणि इंटरनेट उरलं. तेव्हा मी वैतागलो होतो कारण माझ्याकडे डॅबचा सेटच नव्हता, आणि खरं सांगायचं तर सार्वजनिक पैशावर परक्यांच्या भाषेत बोलणारं स्टेशन ठेवायला हवं होतं असं मला अजून वाटतं. पण बंद पडलं नाही, जाहिरातींवर चालू राहिलं, हेही काही कमी नाही. आणि गंमत बघा, ३१ डिसेंबर २०२४ ला एसएसआरने आपली स्वतःचीच सगळी एफएम केंद्रं बंद केली. हे बिचारं त्या वाटेला अकरा वर्षं आधीच लागलं होतं.

असो. आता कामाचं.

अँटेना. मागच्या भागात एसएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे तो आकडा, डेसिबल म्हणजे डीबीमधे) ४ डीबीच्या वर जात नव्हता आणि मी डोंगलला शिव्या देत होतो, त्या मागे घेतो. चूक माझी, आणि चूक अशी की लाज वाटावी. डॅबचा पट्टा १७४ ते २४० मेगाहर्ट्झ, मध्य धरला २०७, म्हणजे तरंगलांबी साधारण १.४५ मीटर, अर्धी केली आणि तारेसाठी पाचेक टक्के कापली की डायपोलची (दोन सारख्या दांड्यांच्या अँटेनाची) एकेक बाजू ३४ सेंटीमीटर. एवढं सगळं बरोबर करून मी तो बाल्कनीत आडवा बांधला! का, तर लहानपणापासून गच्चीवर दूरदर्शनचा अँटेना आडवाच बघितला, हात आपोआप तसाच गेला. इथे डॅब उभ्या ध्रुवणात येतं, म्हणजे लहर वरखाली हलते. आडव्या अँटेनाने उभी लहर पकडायची म्हणजे भिंतीतल्या उभ्या अरुंद फटीत चपाती आडवी सरकवायची. कागदावर हे नुकसान २० डीबीचं असतं, प्रत्यक्षात भिंतीवरून आपटून थोडं वाकडंतिकडं येतं म्हणून मला ते ४ तरी मिळत होते. उभा केला, जागच्या जागी, दुसरं काहीही न बदलता, ११. दोन महिने डोंगलच्या नावाने बोटं मोडत होतो.

मग केबल जिथे डायपोलला जोडली तिथेच तिचे सहा वेढे घालून केबल टायने आवळले, म्हणजे केबलच अँटेना बनून घरातला कचरा उचलत बसत नाही. १३ झाले. बाहेर रेलिंगच्या पुढे काही लावायला घरमालकाच्या एजन्सीची परवानगी लागते, ती मागण्यापेक्षा मी पीव्हीसीच्या पाइपात डायपोल घालून तो टोमॅटोच्या कुंडीत रोवलाय. टोमॅटोला आधार, मला सिग्नल. हिचं म्हणणं, "अहो, फोनवर लागतंय की ते!" लागतं. पण स्वयंपाकघरात फोनवर स्ट्रीम आणि बाल्कनीत डॅब एकदम लावलं तर फोनवाली बाई जवळजवळ अर्धा मिनिट मागे असते, आणि पाहुण्यासारखी उशिरा येणारी बातमी मला नको. (हे कारण तिला पटलेलं नाही.)

आता खरी डोकेदुखी. पेटी उघडी असताना १३, मागचं झाकण लावलं की ५. प्लायवुडने सिग्नल अडत नाही, मग काय? एकेक गोष्ट काढत गेलो. पायचा चार्जर बदलला, फरक नाही. डोंगल एक्स्टेंशन केबलवर लांब केलं, थोडा फरक. शेवटी स्पीकरचा छोटा क्लास डी अँप्लिफायर काढला आणि आकडा टुणकन वर. तो स्विचिंग करताना जो किचाट करतो तो नेमका या पट्ट्यात सांडतो, आणि झाकण लावताना मी तो डोंगलच्या डोक्यावर बसवत होतो. अँप पेटीच्या दुसऱ्या टोकाला नेला, त्याला ॲल्युमिनियम टेपचं घर केलं, टेप ग्राउंडला जोडली, सप्लायच्या वायरवर फेराइट (किचाट गिळणारं चुंबकी कडं) चढवलं. आता झाकण लावून १२. एक डीबी गेला तो गेला.

बटनं. हे काम मला सगळ्यात आवडलं म्हणून जरा सांगतो. आमच्या बिल्डिंगखाली अणुयुद्धासाठी बांधलेली खोली आहे, इकडे खूप बिल्डिंगना असते, वीतभर जाड काँक्रीटचं दार, आणि आता तिथे सगळ्यांच्या स्की आणि वाइनच्या बाटल्या असतात. किचनमधे सोल्डरिंगला बंदी आल्यापासून माझं वर्कशॉप तिथे. सिग्नल शून्य, फोनसुद्धा मरतो, पण त्यामुळेच निवांत. बटनांची पट्टी सुटी केली, मागे पितळेच्या पट्ट्या, त्यांच्यावर काळा हिरवा थर आणि एका जागी चक्क वाळलेला कोळी. आयसोप्रोपिल आणि जुना टूथब्रश, मग खोडरबरने हलकं घासलं, सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा जातो. यांत्रिक रचना अशी सुंदर आहे की एक दाबलं की आधीचं दाबलेलं खटकन वर येतं, एक लोखंडी पट्टी स्प्रिंगवर सरकते बस. तो आवाज! आमच्या पोरीने पहिला अर्धा तास रेडिओ न लावताच नुसती बटनं दाबली.

प्रत्येक बटनाचा एक संपर्क पायच्या एकेका पिनला, पुल-अप (बटन मोकळं असताना पिनला एका ठरावीक पातळीवर धरून ठेवणारी जोडणी) सॉफ्टवेअरमधेच. जुना संपर्क एकदा दाबला तरी पाच सात वेळा थरथरतो, म्हणून ५० मिलिसेकंद थांबून मगच खरं धरायचं. वेल्ले या डॅब ऐकायच्या सॉफ्टवेअरचं कमांड लाइनवालं रूप मागे चालतं, डोंगल सेकंदाला २०.४८ लाख नमुने घेतं, आणि १.५३६ मेगाहर्ट्झचा आख्खा गट्ठा एकदमच आत येतो, त्यात डझनभर तरी स्टेशनं. म्हणजे दोन बटनांची स्टेशनं एकाच गठ्ठ्यातली असली तर अर्ध्या सेकंदात बदलतं, दुसऱ्या गठ्ठ्यातलं असलं तर परत ट्यून, परत सिंक, परत यादी वाचा, चार सेकंद. तोवर शांतता. एफएमच्या खरखरीची सवय असलेल्या माणसाला ही शांतता फार खुपते, बिघडलं की काय वाटतं. डॅब प्लस असंच आहे, आहे तर आहे, नाही तर ठार मुकं.

एक गोष्ट स्क्रीनवर बघून मी बराच वेळ बसून राहिलो. वेल्लेमधे आवेग प्रतिसादाचा आलेख दिसतो, म्हणजे एकच सिग्नल किती किती उशिराने पोचतोय ते. मला एक उंच शिखर आणि त्याच्या ६० मायक्रोसेकंद मागे एक बुटकं. ६० मायक्रोसेकंद म्हणजे १८ किलोमीटरचा जास्तीचा फेरा. समोर खिडकीतून ला दोल दिसतो, १,६७७ मीटर, डोक्यावर रडारचा पांढरा गोळा, सरोवरापलीकडे आल्प्स. एक तर त्यातल्या कुठल्या कड्यावर आपटून येतोय नाहीतर दुसऱ्याच टॉवरवरून. कारण डॅबमधे सगळे टॉवर एकाच फ्रीक्वेन्सीवर एकाच वेळी तेच बोलतात, एफएममधे असं केलं तर एकमेकांचा गळा धरतील. इथे २४६ मायक्रोसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, साधारण ७४ किलोमीटर, त्याच्या आत आलेला पडसाद उलट मदतच करतो. दिंडीत मागचे टाळ किंचित उशिराने आले तरी भजन बिघडत नाही, भरतंच, तसं. ज्या डोंगरांमुळे तारेवरचा रेडिओ काढावा लागला तेच डोंगर आता त्याच पेटीला हातभार लावतायत.

बाबांना मिरजेला व्हिडिओ कॉलवर पेटी दाखवली. ते जुने शॉर्टवेव्हवाले, स्विस रेडिओ इंटरनॅशनल ऐकायचे, बॉब थॉमन आणि बॉब झानोटी हे दोघे बॉब श्रोत्यांच्या तांत्रिक शंकांना उत्तरं द्यायचे तो कार्यक्रम ते चुकवत नसत, अँटेनाचं वेड त्यांना तिथून लागलं आणि मला त्यांच्याकडून. त्या स्टेशनचं क्यूएसएल कार्ड (श्रोत्याच्या रिपोर्टला स्टेशनने पाठवलेली पोच) अजून ट्रंकेत आहे. २००४ ला ते शॉर्टवेव्हवरून गेलं तेव्हा बाबांनी रेडिओ चार दिवस लावला नव्हता.

बाबांनी पेटी नीट बघितली, बटनं दाबायला लावली, मग विचारलं, "किती मीटरवर लागतं रे हे?"

म्हटलं, "दीड मीटर."

"दीड मीटर? ब्लाउजपीस आहे का काय?"

मग म्हणाले, बरं, ऐकव. फोन स्पीकरच्या कापडाला लावून धरला. मुलाखत चालू होती. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, आवाज फार स्वच्छ आहे, फेडिंग (शॉर्टवेव्हसारखं आवाजाचं वरखाली होणं) नाही, मजा नाही. आणि तरी रिसेप्शन रिपोर्ट पाठव म्हणून मागे लागलेत, सिनपो (रिसेप्शनला पाचपैकी गुण द्यायची पद्धत) पाच पाच पाच पाच पाच लिही म्हणाले. लिहिणार आहे.

सद्यस्थिती: पाच बटनं चालू, पहिल्यावर डब्ल्यूआरएस, बाकी चारांवर फ्रेंच. आवाजाचा नॉब थोडा करकरतो, पोटेन्शिओमीटर बदलायचाय, पण मूळ माप मिळत नाहीये, ६ मिलिमीटर दांड्याचा कोणाकडे असेल तर सांगा. सहावं बटन अजून रिकामं. हिला आकाशवाणीची मराठी हवीये, ती फक्त इंटरनेटवरून येईल, म्हणजे अँटेनाच्या पेटीत चीटिंग. तीन दिवस वाद चालू आहे. तुमचं मत टाका, पण हिच्या बाजूने टाकणार असाल तर जरा विचार करून टाका.