रविवारचं सर्व्हिसिंग

किशोरवयीन मुलांच्या गटचर्चांचं रेकॉर्डिंग ऐकायचं, शब्दन् शब्द लिहून काढायचा आणि त्यातली रूपकं शोधायची, हे माझं काम. विषय हिंसा: मारामारी, दादागिरी, घरचा मार. वाटतं तितकं ते रंजक नाही. सगळे एकदम बोलतात, खुर्च्या सरकतात, एका शब्दासाठी तेच दोन सेकंद पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात.

ऐकता ऐकता एक गोष्ट कानात बसते. स्वतः मारलं असेल तर वाक्यातला कर्ता गायब: हात सुटला, डोकं सटकलं, मॅटर झाला. समोरच्याने मारलं असेल तर कर्ता ठणठणीत हजर. आणि स्वतः मार खाल्ला असेल तर विनोद.

रूपक ओळखायची जी पद्धत आम्ही वापरतो, ती संशोधकांच्या एका गटाने २००७ मध्ये मांडली. आधी पूर्ण मजकूर वाचायचा. मग एकेक शब्द घ्यायचा: इथे त्याचा अर्थ काय? याहून मूळ, हाताला लागणारा अर्थ दुसरीकडे आहे का? दोन्ही वेगळे असून एकावरून दुसरा उमगत असेल, तर खूण. दोघांनी स्वतंत्रपणे खुणा करायच्या, मग वाद घालायचा. मला ही पद्धत आवडते. उगाच हुशारी करू देत नाही.

त्या दिवशीच्या फाइलमध्ये प्रश्न होता, घरी कुणी चिडलं तर काय होतं? एक मुलगा म्हणाला, "काय नाय, रविवारी सर्व्हिसिंग असतं आमच्याकडे." हशा. चर्चा घेणारे सरही हसले आणि पुढच्या प्रश्नावर गेले. प्रश्नावली संपवायची घाई असलेल्या माणसाला चर्चा घ्यायला बसवूच नये.

'सर्व्हिसिंग'वर आम्ही दोघींनी खूण केली. 'रविवारी'वर नाही, कारण तो शब्द सरळ अर्थाने आलाय. मी तिथेच अडकले. थट्टा करणारा वार सांगत नाही.

सहकारीण म्हणाली, "अगं, पोरं असंच बोलतात." तेही खरंच. त्याच फाइलमध्ये एकजण मित्राला "मारून टाकीन" म्हणतो, तो चार्जरवरून. अशी प्रत्येक गोष्ट कळवायची तर बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्या बाईंना झोपच मिळणार नाही. पण मुलाला धोका दिसला तर गुप्तता बाजूला ठेवायची, असं आमच्या संमतीपत्रातच लिहिलंय. रूपकात दिसलेला धोका धरायचा की नाही, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. मी चिठ्ठी पाठवली.

बाई त्याच्याशी बोलल्या. तो म्हणाला, "अहो मॅडम, बाइकचं सांगत होतो." प्रकरण बंद. घरात बाइक आहे का, हे कुणी विचारलं नाही.

आता वरून निरोप आलाय: बाइकच असेल तर शब्द सरळ अर्थाचा झाला, मग रूपकांच्या यादीतून काढून टाका. पद्धतीप्रमाणे बरोबर आहे. मी अजून काढलेला नाही.