आमची वाटचाल: उद्यमबागेतला लेथ आणि दानाची थैली

पप्पांनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये जुना लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं मशीन, टाकला, तिथून आमचं वर्कशॉप सुरू झालं. आज चार लेथ, एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आणि नऊ माणसं आहेत. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. बेळगावकरांना याहून जास्त सांगायला नको.

लंडन मिशन हे ख्रिस्ती मिशन 1820 साली बेळगावात आलं. चर्च मिशनच्या पैशावर चालायचं तो काळ कधीच गेला. आता छप्पर असो की वीजबिल, मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, आमच्यासारख्या लोकांच्या दानावरच भागतं.

पप्पा बिलाचे पैसे आले की दशमांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, पाकिटात टाकायचे. मीही आधी तसंच केलं आणि फसलो. जॉबवर्कच्या दहा हजारांतून टूल, लाईट, पगार, भाडं गेलं की हातात हजार-बाराशे उरतात. जीएसटी तर आपला नव्हेच! आता महिन्याचा हिशेब लागला की नफ्यावर काढतो.

जीएसटी आला त्या 2017 साली एका गिऱ्हाइकानं चार महिने पैसे अडकवले. त्याआधीच मी खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या मंडळीला छपराचे पत्रे कबूल करून बसलो होतो. त्यात चर्चमधल्या कापणीच्या सणाचा लिलाव, लोकांनी अर्पण केलेल्या भाजी-फळांचा. सवयीनं बोली वाढवत गेलो आणि आठशे रुपयांचा भोपळा गळ्यात पडला. खिशात दोनशे. बायकोनं नुसतं बघितलं.

संध्याकाळी चर्चच्या पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी पोरांचे पगार भागव. मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नये, हे बायबलातल्या लेवीयमध्येच आहे. पत्र्याला पावसाळा अजून लांब आहे."

पत्रे एप्रिलमध्ये गेले. टेम्पोबरोबर मी आणि वर्कशॉपची दोन पोरं गेलो, पत्रे धरणारे जे-हुक आम्हीच आवळले. तेव्हापासून मे महिन्यात मंडळीतल्या दहावी झालेल्या पोरांना व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, धरायला शिकवतो. त्यातलाच एक आज आमचं सीएनसी चालवतो.

दान दिलं की धंदा दुप्पट होतो, अशी साक्ष काही जण देतात. मला देता येत नाही. बायबलातला प्रेषित पौलसुद्धा करिंथात अक्विल्ला-प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर राहुट्या करायचा; शिवण उसवली असती तर गिऱ्हाईक त्याच्याशीही भांडलंच असतं, असं आपलं मला वाटतं.

भोपळ्याचे सहाशे पुढच्या रविवारी चुकते केले. घारगे मात्र झकास झाले होते.

गेल्या महिन्यात चर्चच्या घंटेचं बुश, म्हणजे तिचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजलं. पितळेचं नवं लेथवर टर्न करून बसवलं, बिल केलं नाही. कुरकुर थांबली. पण पाळकसाहेब म्हणतात, आवाज बदलला. बुशानं आवाज बदलत नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.