पॉवर बँकेवरची दमयंती
आज आईसोबत लक्ष्मी रोडला गेलेले, फोन ४ टक्क्यांवर आला म्हणून एका दुकानात शिरले तर समोर पॉवर बँक आणि तिच्यावर चक्क राजा रविवर्म्याची हंस-दमयंती! १०,००० एमएएचची. प्रिंट इतकी सुंदर आलीय ना, हंसाची पिसं, साडीचे काठ सगळं दिसतं, फक्त चार्जिंगचं भोक नेमकं चित्रातच पाडलंय ते मला खटकलं.

आई हातात घेऊन बघतच राहिली, म्हणाली आजीच्या देवघरात याच चित्रकाराची लक्ष्मी होती, कागदावर छापलेली. रविवर्म्याने १८९४ ला मुंबईत छापखाना काढला, पुढे तो आपल्या लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला, तिथूनच ही चित्रं घरोघरी गेली.

घेतली लगेच, आणि आता ती आईच्याच पर्समध्ये आहे.